औषधपेटीला बांधलेली चावी

‘औषध मुदतीत होते व साठवणूक योग्य होती.’

हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी ते चौकशी अहवालात लिहिलं आणि खाली सही केली. त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा अर्धा मी न बघता लिहिला. त्यामुळे एका चांगल्या नर्सवर ठपका आला, आणि तो काढायला मला तेरा महिने लागले. काढणं अवघड नव्हतं. दोन ओळींचं काम होतं. पण त्या दोन ओळी लिहायच्या सोडून बाकी सगळं मी केलं.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. साध्या भाषेत फार्मासिस्ट. औषधं मागवायची, नीट ठेवायची, वाटायची. शिवाय रुग्णवाहिकेतली औषधपेटी महिन्यातून एकदा तपासायची. नोकरीला तेवीस वर्षं झाली. रजिस्टर स्वच्छ ठेवणारा माणूस अशी माझी ख्याती आहे, आणि तिचा मला अभिमान होता.

त्या एप्रिलमध्ये आमची रुग्णवाहिका काठी गावाच्या वरच्या बाजूला एका पाड्यावर गेली होती. गाडी भटू आप्पा चालवत होते, सोबत वळवी सिस्टर होत्या. बावीस वर्षांची पहिलटकरीण घाटातच, गाडीतच बाळंत झाली. मुलगी झाली, ती ठणठणीत होती. पण आईचं रक्त थांबेना.

बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं. ते आवळलं की उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. ते सैल राहिलं तर बाई तासाभरात हातची जाऊ शकते. त्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचं एक इंजेक्शन असतं. काचेची छोटी कुपी, आम्ही अँपुल म्हणतो. सिस्टरनी एक दिलं. काही झालं नाही. दुसरं दिलं, तरी काही नाही. मग त्या खाली गुडघ्यांवर बसल्या आणि नंदुरबार येईपर्यंत दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी बाईचा जीव वाचवला, पण गर्भाशय काढावं लागलं.

चौकशी झाली. आमच्या अधीक्षक मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“पाटील, सिस्टर म्हणतात इंजेक्शननं काम केलं नाही.”

“मॅडम, बॅच ताजी आहे. मुदत पुढच्या वर्षाची.”

“आणि पेटी?”

“दर महिन्याला तपासतो. रजिस्टर दाखवू?”

“नको. लिहून द्या.”

मी लिहून दिलं. औषध चांगलं होतं म्हटल्यावर राहिलं काय? सिस्टरनी ते उशिरा दिलं असेल, किंवा नीट दिलं नसेल. असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, माझं वाक्य ते काम करत होतं. सिस्टरना कारणे दाखवा नोटीस मिळाली, सेवापुस्तकात शेरा बसला आणि त्यांची डोंगरातल्या एका उपकेंद्रावर बदली झाली.

जायच्या दिवशी त्या स्टोअरमध्ये आल्या. स्टोअरला एसी आहे, औषधांसाठी. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“पाटील साहेब, पेटी तुम्ही कुठे तपासता?”

“इथेच. आप्पा आणून देतात.”

“इथेच,” त्या म्हणाल्या. एसीकडे एकदा पाहिलं आणि निघाल्या. मला वाटलं, रागात आहेत.

पुढच्याच महिन्यात मला नंदुरबारच्या औषधभांडारातून सर्पदंशाची इंजेक्शनं आणायची होती. पावसाळ्याआधी हा साठा लागतोच. रुग्णालयाची जीप गॅरेजला होती, आणि रुग्णवाहिका एका पेशंटला सोडायला तिकडेच निघाली होती. येताना मी रिकाम्या गाडीत चढायला गेलो. भटू आप्पांनी पुढचं दार आतून लावून घेतलं.

आप्पा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. गाव शहाद्याकडचं, बोली अहिराणी. अधीक्षकांशीही ते तीच बोलतात.

“पुढे नको, साहेब. मांगे बठा.”

“का हो आप्पा? पुढे जागा आहे की.”

“एक डाव बठीसन देखा. मंग बोलूत.”

दुपारचा एक वाजला होता. गाडी दोन तास पत्र्याच्या शेडजवळ उन्हात उभी होती. आमच्या गाडीचा एसी दोन उन्हाळ्यांपासून नावालाच होता. मी मागे बसलो. बाकाची रेक्झिन पँटमधून चटका देत होती. तळोदा येईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला आणि डोकं गरगरायला लागलं. औषधपेटी बाकाखाली लोखंडी खणात होती. खणाची कडी मी रुमालाने धरून उघडली.

सर्पदंशाच्या औषधासोबत माझ्याकडे वायरचा थर्मामीटर होता. वायरचं टोक पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि एक्कावन्नवर थांबला. या औषधाची जागा दोन ते आठ अंशांच्या मध्ये असते. फ्रिजमध्ये असतो तेवढा गारवा.

मी एकेक अँपुल बाहेर काढली. ऑक्सिटोसिन पाण्यासारखं स्वच्छ होतं. ते खराब झालं तरी स्वच्छच दिसतं, हाच त्याचा घात आहे. पण शेजारी रक्त थांबवणारं दुसरं एक इंजेक्शन होतं. त्या बाईचं बीपी चढलेलं होतं म्हणून सिस्टरनी त्या दिवशी ते दिलं नव्हतं. ते चांगलं असताना पाण्यासारखं असतं आणि खराब झालं की पिवळं पडतं. चारही अँपुल पिवळ्या होत्या. माझ्याच हाताने तीन महिन्यांपूर्वी ठेवलेल्या.

मी दर महिन्याला तारखा वाचल्या. रंग पाहिला नाही. पेटी माझ्याकडे थंड खोलीत यायची, मी ‘तपासली’ असा शिक्का मारायचो आणि ती परत भट्टीत जायची. तेवीस वर्षांत मी पेटीकडे एकदाही गेलो नव्हतो.

आप्पांनी गाडी बाजूला घेऊन मागचं दार उघडलं. माझ्या तळहातावरच्या पिवळ्या अँपुल पाहिल्या.

“वळवी सिस्टर खरं सांगे,” ते म्हणाले. “मी व्हतू ना गाडीमा. तिनी सुई दिधी तव्हय बाळनी नाळ भी तोडेल नव्हती.”

म्हणजे सिस्टरना एक मिनिटही उशीर झाला नव्हता. आप्पांनी दार लावलं आणि पुढे जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना भेटलो. इथे मी माझी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मी म्हणालो, “मॅडम, गाडीत औषधं तापतात. काहीतरी करायला हवं.” माझा अहवाल चुकीचा होता, हे मी म्हणालो नाही. मनाशी ठरवलं की आधी हे दुरुस्त करू, मग सांगू. दुरुस्त केलेलं हातात असलं की सांगणं सोपं जाईल.

मॅडमनी लगेच परवानगी दिली. “करा. पण गाडी एक मिनिटही अडून राहता कामा नये.”

पहिला उपाय मी एका दिवसात केला. लस नेण्याच्या जाड भिंतींच्या निळ्या पेट्या असतात, त्यातली एक घेतली. चार बाजूंना चार आइसपॅक लावायचे, मध्ये औषध. फ्रीझरमधून दगडासारखे कडक पॅक काढले, लावले, झाकण बंद केलं आणि समाधानाने घरी गेलो.

सकाळी उघडलं तर दोन अँपुलना चीर गेली होती आणि इन्सुलिनमध्ये पांढरे कण तरंगत होते. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली.

“पाटील, आधी भाजलंत, आता गोठवलंत. शिजवणारच असाल तर मध्यम आचेवर शिजवा.”

सगळी ओपीडी हसली. मीही हसलो. पर्याय नव्हता.

लसीच्या ट्रेनिंगमध्ये यावर एक तास होता. पण लस नर्स हाताळतात, औषधं मी हाताळतो. म्हणून त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून माझी रजिस्टरं भरली होती.

“वळवी सिस्टरले इचारा ना,” आप्पा म्हणाले. “ती दरोज करे.”

सिस्टरना फोन करायचा म्हणजे आधी दुसरं काहीतरी बोलावं लागणार होतं.

आप्पाच मग म्हणाले, “नहीतर नवापूर चला. मन्हा वळखीना एक मानूस शे.”

आप्पा पूर्वी नवापूरला कोंबडीच्या पिल्लांची गाडी चालवायचे. तिथल्या पोल्ट्रीत गावित नावाचा एक माणूस लस टोचायचं काम करतो. वीस वर्षं तो मे महिन्यातही मोटारसायकलवरून फार्मोफार्म लस नेतो आहे. आम्ही पोचलो तेव्हा तो शेडच्या सावलीत उकिडवा बसून आइसपॅक कानाशी धरून हलवत होता.

“काय ऐकता?” मी विचारलं.

“पाणी. बसा, साहेब. तुम्ही माणसांची औषधं करता?”

“हो.”

“आणि आमच्याकडे शिकायला आला?” त्याने आप्पांकडे पाहून डोळे मिचकावले. “बरं आहे. आमची लस तापली तर पंधरा दिवसांत शेड रिकामं होतं. मग मालक मला दारात उभं करत नाही. तुमच्याकडे कसं असतं?”

“आमच्याकडे चौकशी होते,” मी म्हणालो.

“कोणाची?”

आप्पा खोकले.

गावितने जे शिकवलं ते अर्ध्या तासाचं होतं. फ्रीझरमधून काढलेला पॅक लगेच पेटीत घालायचा नाही. बाहेर ठेवायचा, त्याला घाम येऊ द्यायचा. कानाशी हलवला की आत पाणी खळखळलं पाहिजे, बर्फ सुटा झाला पाहिजे. मग तो गोठवत नाही, फक्त थंड ठेवतो. औषध पॅकला चिकटू द्यायचं नाही, मध्ये फडकं हवं. पेटीवर ओलं गोणपाट. पेटी इंजिनाच्या बाजूला ठेवायची नाही. आणि बघायला म्हणून झाकण उघडायचं नाही. थर्मामीटरची वायर आत, आकडा बाहेर.

“पॅकचे दोन संच ठेवा,” तो म्हणाला. “एक पेटीत, एक फ्रीझरमध्ये. आणि पेटी गाडीत ठेवून घरी जाऊ नका. गाडीत राहिलेली लस माझी नाही, असं मी मालकाला सांगून ठेवलंय.”

“मग घाईत पेटी विसरली तर?”

“तुम्ही घाईत चप्पल विसरता का?”

परत येताना मी गाडीत याच प्रश्नावर अडलो. पेटी थंड जागी, गाडी बाहेर. फोन आला की ड्रायव्हर धावत गाडीकडे जाणार. पेटी राहिली तर तापलेल्या औषधापेक्षाही वाईट. आप्पा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. चावीचा जुडगा खाली लोंबकळत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून गाडीची चावी पेटीच्या पट्ट्याला बांधली.

व्यवस्था एवढीच होती. पेटी प्रसूतिकक्षाच्या बाहेर, सावलीतल्या कट्ट्यावर, सदैव भरलेली. पॅक सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बदलायचे. चावी पेटीला. पेटी उचलल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही, आणि गाडी परत आली की पेटी कट्ट्यावर ठेवल्याशिवाय चावी जमा होणार नाही. गाडीत पेटीची जागा बदलून मागच्या दाराजवळ, इंजिनापासून लांब केली. औषध गाडीत राहायचं बंद झालं.

मॅडमना वेळेची काळजी होती. त्यांनी घड्याळ लावून आप्पांना पळवलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, हातात पेटी घेऊन ओपीडीतून गेटपर्यंत. वेळ वाढला नाही. आधी चावी खिशात असायची तेव्हाही गाडी सुरू व्हायला एवढाच वेळ लागायचा, कारण तेव्हा खिसे चाचपावे लागायचे.

“चावी गार व्हई गयी, बाकी काही नही,” आप्पा म्हणाले. “उन्हायामा बरंच शे.”

दुसऱ्या ड्रायव्हरला ते पटलं नाही. त्याने पहिल्या आठवड्यात जादा चावी करून आणली. आप्पांनी ती त्याच्याकडून घेऊन माझ्या टेबलावर ठेवली. त्यांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर तोही पॅक कानाशी धरून हलवायला लागला.

वर्ष गेलं. मी रोज तीनदा पेटीपाशी जाऊन आकडा लिहायचो. पाच, सहा, पाच, सात. या वर्षीचा मार्च कडक गेला, एप्रिल त्याहून. बाहेर त्रेचाळीस, पेटीत सहा. ते आकडे पाहून मला शाळकरी मुलासारखा आनंद व्हायचा. आणि दर वेळी लिहिताना ते जुनं वाक्य आठवायचं. दुरुस्त झालं की सांगू, असं ठरवलं होतं. दुरुस्त होऊन वर्ष झालं होतं. आता सांगितलं तर ‘वर्षभर का गप्प होता’ असं विचारतील, म्हणून गप्प होतो. गप्प राहण्याला रोज एक दिवसाचं कारण वाढत होतं.

मे महिन्यात एका दुपारी स्टोअरचा फोन वाजला. पलीकडे वळवी सिस्टर होत्या. वर्षभरात प्रथमच.

“बाळंतीण आहे. तिसरी खेप. रक्त थांबत नाही. माझ्याकडचं इंजेक्शन दिलं, फरक नाही. इथला फ्रिज महिनाभर बंद आहे, लिहून लिहून थकले. गावातली जीप मिळाली आहे, मी हिला घेऊन खाली निघतेय. गाडी घाटाच्या तोंडाशी पाठवा.”

“पाठवतो.”

“पाटील साहेब,” त्या थांबल्या. “पेटीत किती अंश आहेत?”

“सहा.”

“कुणी पाहिलं?”

“मी. आत्ता. पेटीपाशी उभा राहून बोलतोय.”

हे खरं होतं. स्टोअरच्या फोनची वायर दारापर्यंत येते आणि दारासमोर कट्टा आहे. सिस्टरनी फोन ठेवला.

त्या दिवशी दोन नर्स रजेवर होत्या आणि तिसरी प्रसूतिकक्षात अडकलेली. मॅडम म्हणाल्या, “वर सिस्टर आहेतच. तुम्ही पेटी घेऊन बसा.” मी पेटी उचलली, चावी आप्पांकडे दिली आणि मागे बसलो. गाडी दुपारभर उन्हात होती. तोच चटका, तोच वास. मी पेटी मांडीवर घेतली. त्यावरच्या ओल्या गोणपाटाने माझी पँट भिजली. मला त्याचं काही वाटलं नाही.

घाटाच्या तोंडाशी जीप आधीच उभी होती. स्ट्रेचर येईपर्यंत सिस्टरनी बाईच्या पोटावरचा हात काढला नाही. बाई पांढरी पडली होती. गाडीत घेतल्यावर सिस्टरनी सलाईन लावली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

“दोन.”

मी झाकण उघडलं, दोन अँपुल त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी मूठ बंद केली. क्षणभर तशीच ठेवली. गारवा बघत होत्या, हे मला कळलं. मग दोन्ही सलाईनमध्ये भरल्या आणि एक हात परत बाईच्या पोटावर ठेवला.

आप्पा खड्डे चुकवत होते. मी सलाईनची बाटली धरून उभा होतो. सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या. गर्भाशय पोटावरून हातालाच कळतं, डोळ्यांचं तिथे काम नसतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तो अख्खा एप्रिल वाटला.

मग त्यांनी डोळे उघडले.

“आवळतंय.”

मी बाटली आणखी उंच धरली.

“आवळलं. चेंडूसारखं झालं.” त्यांनी खाली पाहिलं, कापड बदललं, परत पाहिलं. “थांबतंय. आप्पा, हळू चालवा आता. घाई नाही.”

“हळू कसाले?” आप्पा पुढून म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “आते ते मजामा जाऊत.”

बाई नंदुरबारला पोचली तेव्हा शुद्धीवर होती आणि तान्हा मुलगा कुणाजवळ आहे ते विचारत होती. रक्त द्यावं लागलं, पण गर्भाशय जागेवर राहिलं. पाचव्या दिवशी ती चालत घरी गेली. आमच्या रुग्णालयात त्या संध्याकाळी आप्पांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. एक तुकडा त्यांनी निळ्या पेटीच्या झाकणावर ठेवला. मॅडमनी तो उचलून खाल्ला. म्हणाल्या, “पेटीला साखर चालत नाही, आत इन्सुलिन आहे.”

बातमी वर गेली. जिल्ह्याच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. सगळ्या रुग्णवाहिकांना ही पद्धत लावायची ठरत होती. मी स्लाइड तयार केल्या. आकडे, फोटो, चावी. आदल्या दिवशी आप्पांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली.

“पहिलं पान कोठे शे?” त्यांनी विचारलं.

“हेच की. ‘उन्हाळ्यातील औषध साठवणूक’.”

“ते दुसरं शे, साहेब.”

ते गेले. मी कपाटातून जुन्या अहवालाची प्रत काढली.

बैठकीला डॉक्टर होते, फार्मासिस्ट होते, उपकेंद्रांच्या नर्स होत्या. वळवी सिस्टर तिसऱ्या रांगेत. पहिली स्लाइड लागली. माझं वाक्य, माझी सही. मी म्हणालो, “यातला शेवटचा भाग खोटा आहे. पेटी मी एसीत तपासत होतो. गाडीत ती एक्कावन्न अंशांवर होती. हे मला अहवालानंतर महिन्याभरात कळलं आणि मी वर्षभर सांगितलं नाही. सिस्टरनी इंजेक्शन वेळेवर आणि बरोबर दिलं होतं. त्यांच्यावरचा शेरा माझा आहे.” मग मी लेखी पत्र अध्यक्षांसमोर ठेवलं आणि पुढच्या स्लाइडवर गेलो. बाकीची चौदा मिनिटं बरी गेली.

सिस्टरचा शेरा निघाला. मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तिथे शोभते. पद्धत जिल्ह्यातल्या गाड्यांना लागू झाली. गावितने फोन करून विचारलं, “आमचं नाव घातलं का?” मी म्हणालो, घातलं. तो म्हणाला, “कोंबड्यांना सांगतो.”

या सगळ्यातून मी शिकलो ते थोडं आहे. औषध जिथे राहतं तिथे जाऊन बघावं, आपण बसतो तिथे मागवून बघू नये.

बैठक संपल्यावर मी सिस्टरना बाहेर गाठलं. माफी मागितली.

“तेरा महिने,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला सांगितलंत, बरं केलंत. मला माझं माहीत होतं. रंजनाला कोण सांगणार?”

मला क्षणभर नाव कळलं नाही. माझ्या अहवालात फक्त ‘रुग्ण’ असं होतं.

“तिच्या घरचे म्हणतात हिचंच काहीतरी चुकलं,” सिस्टर म्हणाल्या. “नको ते खाल्लं, नको तिथे गेली. सासू अजून तिच्या हातचं पाणी घेत नाही नीट.”

पुढच्या गुरुवारी सिस्टर, आप्पा आणि मी असे तिघं रंजनाच्या पाड्यावर गेलो. घर उतारावर होतं, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. रंजना दारात बसली होती. वर्षाची मुलगी तिच्या पायांना धरून उभी राहायला शिकत होती. सासू ओट्याच्या टोकाला, पाठ फिरवून टोपली विणत होती. सिस्टरनी माझी ओळख करून दिली. त्यांच्या भाषेतलं मला फक्त ‘पाटील’ एवढंच कळलं.

मी सगळं सांगितलं. पेटी, ऊन, तारखा, पिवळा रंग. बराच वेळ बोललो. सिस्टरनी ते तीन वाक्यांत सांगितलं. रंजनाने एकच प्रश्न विचारला. सिस्टर म्हणाल्या, “विचारतेय, आता गाडीत थंड असतं का?”

आप्पांनी न सांगता जाऊन गाडीतून पेटी आणली. रंजनाने हात पुसला आणि झाकणावर ठेवला. मग आकडा पाहिला. मुलीचाही हात त्यावर ठेवला.

मी म्हणालो, “रंजनाबाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. औषध खराब होतं. ते मी तपासलं नव्हतं आणि तपासलं असं लिहिलं. चूक माझी आहे. मला माफ करा.”

सिस्टरनी ते तिला सांगितलं. रंजना ओट्याच्या टोकाकडे बघत राहिली. टोपलीवरचे हात चालूच होते.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “परत म्हणा. सासूला ऐकू गेलं नाही.”

मी उठलो, तिच्या भाषेत सांगायला सिस्टरना सोबत घेतलं, ओट्याच्या टोकाशी जाऊन म्हाताऱ्या बाईसमोर खाली बसलो आणि तेच सगळं पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने.